फुईसाठी बांधलेलं बोचकं

जळगावात ऑफिसात बसून मी दिवसभर काय करते, हे आमच्या नात्यागोत्यात कुणालाही धड माहीत नव्हतं. एकीलाच माहीत होतं आणि तिनेच सगळा घोळ करून ठेवला. ती म्हणजे माझी फुई. आत्याला आमच्या खानदेशात फुई म्हणतात. ही माझी सख्खी फुई, राहायला धुळ्याला. जीभ अशी, की समोरच्याला हसत हसत सोलून काढावं आणि वर त्यालाच चहा पाजावा.

एकदा भाकरी थापता थापता तिने मला विचारलं, की तू नेमकं करतेस तरी काय. मी मोठ्या हौसेने सांगायला बसले. म्हटलं, प्रोग्राम लिहिणारे वेगळे असतात, ते लिहून मोकळे होतात. पण एक प्रोग्राम म्हणजे एकच फाईल नसते. त्याच्या मागे मदतनीस फायलींचं लटांबर असतं, चित्रं असतात, अक्षरांचे फॉन्ट असतात. त्यातलं एक जरी मागे राहिलं, तरी गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, नाहीतर काहीच दिसत नाही. मी ते सगळं दाबून एकाच फायलीत भरते. त्या फायलीवर दोनदा टिचकी मारली, की ती आपली आपणच उघडते आणि आतली एकेक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसते. जिनिंगवाल्याला कापसाच्या गाठींची वजनं दिसायला लागतात, केळीवाल्याला पिकवायच्या खोल्यांचं तापमान. त्याला बिचाऱ्याला काही कळावं लागत नाही.

फुईने भाकरी उलटली. "म्हनजे तू बोचकं बांधस," ती म्हणाली. "नि ते बोचकं सोतानी गाठ सोताच सोडस."

मला राग आला. इंजिनियरिंग करून, परीक्षा देऊन, घरच्यांशी भांडून नोकरी धरली आणि हिने दोन वाक्यांत मला बोचकं बांधणारी करून टाकलं. पण राग धरायला वाव तरी कुठे होता, बरोबरच बोलली होती. तेव्हापासून फोन उचलला की पहिला प्रश्न हाच, "आज काय बोचकं बांधं व माय?" बरं, स्वतःपुरतं ठेवेल तर ती फुई कसली. साऱ्या गल्लीत सांगून झालं. शिरपूरच्या एका लग्नात तर लांबच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुझ्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या इंदूरकडे जातात का, थोडं सामान पाठवायचं होतं. मी फुईकडे पाहिलं. ती जिलेबी खाण्यात गढून गेली होती.

त्या फुईला अर्धांगाचा झटका आला.

उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा परत आला, वाचा मात्र साफ बंद झाली. धुळ्यात तिला बोलणं शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की यांना सगळं कळतं, शब्दही आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाटच बंद झाली आहे. चित्रांवर बोट ठेवून, बटणं दाबून, कसंही करून यांनी सांगत राहिलं पाहिजे. माणसाने सांगणं सोडलं, की हळूहळू ते मागणंही सोडतं आणि मग समोर ताट ठेवलं तरी तोंड फिरवतं. हे शेवटचं सांगताना त्या फुईकडे न बघता आमच्याकडे बघत होत्या, कारण फुई तेव्हाच तोंड फिरवायला लागली होती. मला तर त्या घरात जायची भीती वाटायला लागली. ज्या घरात शिरण्याआधी ओट्यावरच हिचा आवाज अंगावर यायचा, तिथे आता फक्त पंखा ऐकू यायचा.

नाना, म्हणजे फुईचे यजमान, कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी खाटेशेजारी खुर्ची टाकली ती टाकलीच. दिवसभर तिच्या तोंडाशी वाकून विचारायचे, "पाणी पाहिजे का? पाणी? उठून बसायचं का? बसायचं?" बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने, आणि तेही कोर्टातल्या मराठीत. फुई डोळे मिटून घ्यायची.

मी ठरवलं, की आपण आयुष्यभर लोकांची बोचकी बांधली, आता एक हिच्यासाठी बांधू. त्यांचा मुलगा सुरतेला असतो. त्याने बोटाने चालणारा लॅपटॉप आणून ठेवला होता. मी एक साधा प्रोग्राम केला. पडद्यावर मोठमोठी चित्रं. चित्रावर बोट ठेवलं, की आवाज येतो, 'मला पाणी हवे आहे', 'मला उठवून बसवा', असं. आवाज माझाच. आमच्या घराण्याच्या बायकांचा आवाज सारखाच आहे, फोनवर लोक फुई समजून माझ्याशी भांडून मोकळे होतात. मॅडमनी वाक्यं दिली, मी म्हटली, सगळं एका फायलीत भरलं आणि जळगावहून नानांना पाठवून दिलं. फोन करून सांगितलं, दोनदा टिचकी मारा, बस.

कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला 'बस' असं सांगू नये, हे मला कळायला हवं होतं.

पहिल्यांदा कॉम्प्युटरने त्यांना बजावलं, की या फायलीचा प्रकाशक अनोळखी आहे, धोका संभवतो. छोट्या लोकांच्या फायलींना तो असं म्हणतोच. पण नानांचा लगेच फोन. घरातला विषय आला की ते आपोआप अहिराणीत उतरतात. "प्रकाशक अनोळखी शे म्हनस हाई. तू कवयपासून अनोळखी झायी?" मी म्हटलं, नाना, पुढे जा. ते पुढे गेले. पुढे नियम आणि अटींचं पान. ते आमच्या ऑफिसच्या साच्यातलं, मी काढायचं विसरले होते. खाली 'मला मान्य आहे' असं लिहिलेलं. नानांनी ते पान वाचलं. सगळं वाचलं. मग मला विचारलं, की यात 'वापरकर्ता' म्हणजे कोण? मी म्हटलं, जो वापरणार तो. म्हणजे फुई.

"मग मान्य तिला पाहिजे," नाना म्हणाले. "मी कसा मान्य करू? माझा संबंध काय?"

मी डोक्याला हात लावला. नानांनी लॅपटॉप फुईसमोर नेला, तिला सगळ्या अटी वाचून दाखवल्या, माल परत घेतला जाणार नाही इथपर्यंत, आणि विचारलं, की मान्य आहे का. फुईने भिंतीकडे तोंड फिरवलं. नानांनी मला कळवलं, की वापरकर्त्याने संमती दिलेली नाही, उद्या पुन्हा विचारतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाचींनी येऊन ते बटण दाबून टाकलं. शेजारी एक रंगारी कुटुंब राहतं, त्या घरच्या या चाची. त्या फुईला अंघोळ घालायला रोज यायच्या. त्यांना असल्या भानगडींचा भारी कंटाळा.

प्रोग्राम बसला, चित्रं दिसली, आवाज मात्र नाही. कारण मी सगळं भरलं आणि आवाजच भरले नव्हते. माझ्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून होतेच, म्हणून माझ्याकडे सुंदर चालत होतं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी ठेच आहे. म्हणूनच फाईल आधी कोऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची असते. हे मी ऑफिसात नव्या लोकांना डोळे वटारून सांगते. स्वतःवर इतकी चिडले, की नवी फाईल पाठवत न बसता पेनड्राइव्ह घेऊन सरळ एसटीत बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेला, धुळं आलं तरी माझी चिडचिड काही उतरली नव्हती.

या वेळी आवाज आला. मी फुईचं डावं बोट धरून पाण्याच्या चित्रावर ठेवलं. लॅपटॉप स्वच्छ शब्दांत म्हणाला, 'मला पाणी हवे आहे.'

स्वयंपाकघरातून नाना बाहेर आले. "हाई कोन बाई बोली ऱ्हायनी? बातम्या देवाले बसाडेल शे का?"

आणि फुईच्या तोंडाची डावी बाजू हलली. कितीतरी दिवसांनी. हसू अर्धंच होतं, पण होतं तिचंच. मला एकदम रडू आलं आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत पळाले. तिच्या तोंडून 'हवे आहे' मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती 'माले पानी दे' म्हणणारी बाई. मॅडमची वाक्यं मी जशीच्या तशी बोलून टाकली होती आणि फुईला परक्या बाईचा गळा लावून दिला होता.

मग सगळं अहिराणीत पुन्हा बोलले. 'माले पानी दे.' 'माले बठाडी दे.' 'बठ्ठं दुखस', म्हणजे सगळंच दुखतंय. शेवटी एक चित्र नानांचं टाकलं, त्यांचा हसरा फोटो शोधायला अर्धा दिवस गेला. त्यावर बोट ठेवलं, की आवाज यायचा, 'नाना, आठे या', म्हणजे इकडे या. मला वाटलं, आता काम फत्ते.

नवं बोचकं चाललं, तेही खरं. चाची आल्या की फुई बटणं दाबायची. 'बठ्ठं दुखस' हे तर तिला इतकं आवडलं, की चाचींनी अंघोळीचं पाणी काढलं रे काढलं, की ते सुरू. मॅडम आल्या की त्यांच्यासमोरही दाबायची. नाना एकटे असले, की मात्र एकही बटण नाही. लॅपटॉप मांडीवर, डोळे छताकडे. पाणी हवं असलं तरी चाची येईपर्यंत तहानलेली राहायची. आणि नानांचा फोटो तर तिने एकदाही दाबला नव्हता.

नाना महिनाभर काही बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आधी हवापाणी, मग कपाशीचा भाव, मग पुन्हा हवापाणी. मी म्हटलं, नाना, काय झालं?

"ती मन्हावर नाराज शे," ते म्हणाले. "बठ्ठास्ले बोलावस. माले एक भी डाव हाक नही मारी."

झटका आला त्या सकाळी ते बाजारात गेले होते, गप्पा मारत तिथेच रेंगाळले होते. ते घरी असते तर दवाखाना लवकर गाठला असता, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि हिनेही तेच धरलं आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. चाचींनी मला नंतर सांगितलं, की नानांचं जेवण निम्म्यावर आलंय, खुर्चीतच बसून झोपतात, विचारलं तर म्हणतात भूक नाही. म्हणजे एकीला बोलतं करायला मी निघाले आणि दुसरा मिटत चालला. मी रजा टाकली आणि पुन्हा एसटी धरली.

नानांना भाजी आणायला पाठवून मी फुईसमोर जाऊन बसले. सरळ विचारलं, "फुई, नानावर राग शे का तुन्हा?"

तिने मान हलवली. नाही.

"मग हे बटण का दाबत नाहीस?" मी नानांचा फोटो दाखवला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मला चीड आली, माझा स्वभावच तसा. मी तिचं बोट धरलं आणि फोटोवर टेकवलं. लॅपटॉप म्हणाला, 'नाना, आठे या.'

फुईने झटकन हात सोडवला आणि डाव्या हाताने पदर ओढून डोक्यावर घेतला. मान खाली. गाल लाल. सत्तरी ओलांडलेली माझी फुई, जिच्यापुढे गल्लीतले भलेभले गप्प बसायचे, ती नव्या नवरीसारखी लाजली होती.

मी बघतच राहिले आणि मग मला जे हसू सुटलं ते आवरेना. नाना हे साऱ्या गावासाठी नाना होते. माझ्यासाठी, चाचींसाठी, दूधवाल्यासाठी. फुईसाठी ते कधीच नाना नव्हते. फुईने लग्न झाल्यापासून त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही, पण 'अहो'सुद्धा नाही. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका नवऱ्याशी बोलतच नाहीत, त्या घराशी बोलतात. दाराला सांगतात, भिंतीला सांगतात, चुलीला सांगतात, रिकाम्या खाटेला सांगतात. ज्याने ऐकायचं तो ऐकतो. आणि मी, याच मातीतली, याच बायकांच्या हाताखाली वाढलेली, हिच्या हातात 'नाना, या' असं बटण दिलं होतं. वर म्हणत होते, दाब की. नुसतं तेच बटण नव्हे, 'माले पानी दे' हेही तिने नवऱ्याला तोंडावर कसं म्हणावं? बाईची पंचाईत करून ठेवली होती मी.

नाना भाजी घेऊन आले, तेव्हा मी त्यांना ओट्यावरच अडवलं. म्हटलं, नाना, ती तुमच्याशी कशी बोलायची ते मला सांगा. अगदी तिच्या शब्दांत. मला पुसट आठवतंय, पण शब्द नीट पाहिजेत.

नाना पायरीवर बसले. आधी लाजले, हे दुसरे. मग पिशवीतल्या मेथीकडे बघत हळूच म्हणाले, "कोनले भूक लागनी व्हई ते यी जावो." जेवायला वाढलंय असं सांगायची तिची पद्धत. मी मोबाइलवर टिपून घ्यायला लागले. "चष्मा कपायवर शे नि घर बठ्ठं उलटंपालटं." हे चष्मा शोधताना. "काही मानसंस्ले सांगनं नि भितले सांगनं एकच शे." हे कधीही. नाना एकामागून एक सांगत सुटले. कारकुनाची स्मरणशक्ती, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि आवाजही तिचाच काढायला लागले, मान तशीच तिरकी करून. इतकी वर्षं हा माणूस खाली मान घालून सगळं ऐकत होता आणि मनात साठवत होता. मला वाटायचं, यांच्या डोक्यावरून जातं.

"तुम्ही काय म्हणायचे यावर?" मी विचारलं.

"मी बी भितले सांगू," ते म्हणाले आणि हसले. मेथीची जुडी उगाच सोडली, परत बांधली. "आता मी तिला सरळ विचारतो, पाणी पाहिजे का म्हणून. मॅडमनी तसं सांगितलंय. ती डोळे मिटून घेते." मग जुडी पिशवीत ठेवत म्हणाले, "तिन्हं बोलनं खाल्ल्याबिगर घर घर लागस नही, बाई."

नानांच्या डोळ्यांत पाणी बघायची मला सवय नव्हती.

जळगावला आल्यावर ती वाक्यं मी माझ्या आवाजात बोलून घेतली. सोपं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. शब्द बरोबर आणि ठसका मात्र माझा, असं होत होतं. फुई नानांना बोलते तेव्हा चिडलेली नसते. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज जरा वर जातो, समोरून उत्तर येणार हे माहीत असल्यासारखा. ते जमेपर्यंत मी बोलत राहिले. नानांचा फोटो काढून टाकला, त्या जागी भिंतीचं चित्र टाकलं, शेजारी चहाचं, चष्म्याचं. सगळं भरलं, कोऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, आवाज आला का, अक्षरं दिसली का, सगळं. इतक्या काळजीने मी आजवर एकाही गिऱ्हाइकाची फाईल बांधलेली नाही. मग धुळ्याला पाठवून दिली.

नानांनी फोन चालू ठेवून टिचक्या मारल्या. झालं म्हणाले, लॅपटॉप तिच्याजवळ ठेवतो म्हणाले. फोन बहुतेक खुर्चीवर ठेवला, कारण पंखा जोरात ऐकू यायला लागला. मी इकडे कान देऊन बसले. काहीच नाही. पंखा. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. नाना स्वयंपाकघरात काहीतरी हलवत होते. मला वाटलं, हेही फसलं, आता या दोघांचं काय करायचं.

आणि माझाच आवाज धुळ्याहून मला ऐकू आला. "सकायपासून काही मानसं चहाबिगर बठेल शेत."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मग नाना बोलले. लांबून, कुठेतरी दुसरीकडे तोंड करून.

"चहा करनारी मानसंच खाटवर बठेल शेत. मंग बाकीनास्नी काय करानं?"

लगेच बटण वाजलं. "काही मानसंस्ले सांगनं नि भितले सांगनं एकच शे."

"भित तरी ऐकी लेस," नाना म्हणाले.

पुन्हा बटण. पुन्हा नाना. मग एक आवाज आला, तो बटणाचा नव्हता, माझाही नव्हता. घशातून आलेला, मोडका, फुईचा स्वतःचा. ती हसत होती. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती.

जरा वेळाने चपलांचा आवाज जवळ आला. नानांनी फोन उचलला. मी डोळे पुसून विचारायला तोंड उघडलं, की काय म्हणते फुई, तेवढ्यात तेच बोलले. फार घाईत होते.

"बाई, आते फोन ठेव," ते म्हणाले. "घरमा बोलनं चालू शे."